दहा मीटरवरचा हत्ती आणि सहाशेची लेन्स

तुमचा प्रश्न आधी थोडक्यात मांडतो, म्हणजे बाकीच्यांनाही संदर्भ लागेल. तुम्ही निपाणीचे. सप्टेंबरात आफ्रिकेत, बोत्स्वानाच्या तुली भागात चाललाय. जीपच्या सफारीशिवाय पाणवठ्यालगतच्या, जमिनीत अर्ध्या पुरलेल्या हाइडमध्ये (फटीतून जनावरं बघायच्या खोलीत) दोन सकाळी आणि एक दुपार मिळणार आहे. हाइडच्या फटीपासून पाणी साधारण दहा मीटरवर आहे, असं टूरवाल्यानं कळवलंय. तुमच्याकडं क्रॉप (म्हणजे लहान) सेन्सरची एक कॅमेरा बॉडी आहे, तिच्यासोबत आलेली 18-55 मिलिमीटरची किट लेन्स आणि 150-600 ची झूम आहे. हत्तींसाठी 600 एफ/4 ची प्राइम (झूम नसलेली) लेन्स भाड्यानं घ्यावी का, असं विचारलंय. आणि शेवटी एक ओळ जोडलीय: बेळगाव जिल्ह्यातल्या खानापूर तालुक्यात मावसभावाच्या शेतात रात्री हत्ती येतात, तर जाण्याआधी तिथल्या राखणीच्या माळ्यावर बसून सराव केला तर कसं?

शेवटच्या ओळीचं उत्तर आधी देतो: बसू नका. कारणं खाली सविस्तर आहेत, आणि तेवढा एकच भाग वाचलात तरी चालेल. लेन्सचं उत्तर असं की प्राइम घेऊ नका. त्याच्या निम्म्या पैशात दुसरी बॉडी भाड्यानं मिळेल, ती घ्या.

तुम्ही प्रश्न लेन्सचा विचारलाय, पण अडचण अंतराची आहे. आपण सगळे पक्ष्यांवर शिकलेलो. दांडेलीजवळ गणेशगुडीला ओल्ड मॅगझिन हाउसच्या पाण्याच्या कुंडांपाशी बसून कस्तुरांचे आणि बुलबुलांचे फोटो काढलेला माणूस हाइड म्हटलं की लांब लेन्सच डोळ्यांसमोर आणतो. तिथं ते बरोबरच आहे, कारण चिमणीएवढा पक्षी पाच मीटरवर असला तरी लहानच दिसतो. आफ्रिकन नर हत्ती खांद्याशी तीन मीटरच्या वर असतो, आणि सोंडेपासून शेपटीपर्यंत सहा मीटर सहज भरतो.

आता साधं गणित करा. तुमच्या क्रॉप सेन्सरवर 150 मिलिमीटरला दहा मीटरवर चौकटीत जेमतेम दीड मीटर रुंदी मावते. म्हणजे एक कान, किंवा सोंडेचा वरचा भाग आणि एक डोळा. ही तुमच्या झूमची सगळ्यात रुंद बाजू झाली. 600 ला तीच रुंदी 40 सेंटिमीटरच्या आत येते, म्हणजे नुसती सुरकुतलेली कातडी. एफ/4 ची प्राइम नेलीत तर तीन-साडेतीन किलोचं वजन मांडीवर घेऊन तुम्ही हत्ती लांब जायची वाट बघत बसाल.

उलट किट लेन्स 18 ला दहा मीटरवर बारा मीटर रुंदी देते, 55 ला चार मीटर. अख्खा हत्ती, दोन हत्ती, पिल्लू आणि आई, पाण्यातलं प्रतिबिंब, सगळं याच टप्प्यात येतं. ज्या लेन्सला तुम्ही 'साधी' म्हणून एका शब्दात उडवलंय, तीच तिथं तुमची मुख्य लेन्स आहे. एफ/8 ला तीही पुरेशी धारदार असते (एफचा आकडा म्हणजे लेन्सचं भोक किती उघडं ते; आकडा मोठा तर भोक लहान). सूर्य वर असताना एफ/2.8 हवंच, असं हत्तीच्या बाबतीत मला कधी वाटलेलं नाही.

150-600 घरी ठेवा असं मात्र मी म्हणत नाही. हत्ती पाण्यापर्यंत येण्याआधी शंभर-दोनशे मीटरवर झाडीतून बाहेर पडतात, एका रांगेत, धूळ उडवत. तो फोटो लांब लेन्सचाच. पाण्यावर आल्यावरही पापण्यांचे लांब केस, सोंडेच्या टोकाची दोन बोटं, पायाची नखं, ओल्या आणि कोरड्या कातडीमधली रेघ हे तपशील तिच्यानंच निघतात. सोंडेच्या टोकाचं एक निरीक्षण नक्की करा: आफ्रिकन हत्तीच्या टोकाला दोन बोटं असतात, आपल्याकडच्या हत्तीला एकच. 150 ला, एफ/8 वर, दहा मीटरला साधारण सव्वा मीटर खोलीचा भाग फोकसमध्ये राहतो. सुळ्याचं टोक आणि डोळा दोन्ही सावरायला तो बेताचा पुरतो.

म्हणून दुसरी बॉडी. एकीवर 18-55, दुसरीवर 150-600. हाइडमध्ये लेन्स बदलणं मला अजिबात आवडत नाही. कोरड्या ऋतूत तिथं धूळ पिठासारखी बारीक असते आणि हत्ती ती अंगावर उडवतात ती थेट फटीतून आत येते. शिवाय तुम्ही लेन्स फिरवत असता तेव्हाच पिल्लू घसरतं.

दुसरी बॉडी कुठून आणायची? पुण्या-बेंगळुरूच्या भाड्याच्या दुकानांकडं जायच्या आधी आपल्याच गावातल्या लग्नाच्या फोटोग्राफरला विचारा. सप्टेंबर म्हणजे चातुर्मास, त्यात बहुधा पितृपक्षही येतो. निपाणी, बेळगाव, कोल्हापूरकडच्या लग्नवाल्यांच्या बॉड्या तेव्हा कपाटात पडून असतात. तुमच्या कॅमेऱ्याच्याच कंपनीची बॉडी बघा, म्हणजे लेन्स बसतील आणि बॅटऱ्या कदाचित चालतील. तो 24-70 पण देत असेल तर किट लेन्सऐवजी ती घ्या, पण त्यासाठी अडून राहू नका.

आता हाइडबद्दल. बहुतेकांच्या मनात असं असतं की हाइड आपल्याला हत्तीपासून लपवते. असं काही नसतं. हत्तीची नजर बेताची असली तरी नाक असं आहे की वारा अनुकूल असेल तर त्याला किलोमीटरच्या पलीकडून पाण्याचा पत्ता लागतो. दहा मीटरवर, लोखंडी किंवा सिमेंटच्या खोलीत घामेजून बसलेली सहा माणसं त्याला कळत नाहीत, असं मानणं भाबडेपणा आहे. त्याला सगळं कळतं. त्या जागी माणसाचा वास रोज येतो, त्या वासातून आजवर काही वाईट निघालं नाही, आणि पाणी चांगलं आहे, एवढा हिशेब त्यानं पूर्वीच केलेला असतो. हाइडमधलं तुमचं काम लपणं नाही. त्याच्या हिशेबात नवं काही घालू नये, इतकंच.

हे एकदा डोक्यात बसलं की तिथले नियम पाठ करावे लागत नाहीत. अत्तर, वासाचा डिओ, डास पळवायचं उग्र मलम नको, कारण तो वास रोजचा नाही. फटीतून हात, लेन्सचा हूड किंवा मोबाइल बाहेर काढायचा नाही, कारण फटीतून काही बाहेर येतं हे हत्तीच्या अनुभवात नाही. चेनची आणि वेल्क्रोची कर्रकर्र आधीच उरकून घ्यायची. बॉडीला सायलेंट शटर असेल तर लावा. नसेल तर घाबरू नका, क्लिकचा आवाज तिथं रोजचाच आहे. पहिला हत्ती दिसल्यावर मात्र शेजाऱ्याशी कुजबूज करायचा मोह आवरा. एखाद्या तरुण नरानं सोंड फटीजवळ आणून हुंगलं तर कॅमेरा खाली घेऊन मागं सरकून शांत बसायचं. फोटो काढायचा नाही. गाइड सांगेपर्यंत बाहेर पाऊल टाकायचं नाही, मग कितीही कळ आली तरी. सकाळी चहा कमी प्या.

आता मुख्य गोष्ट, म्हणजे पाण्यावर काय घडतं. माझ्या अनुभवात फोटो हुकतात ते सेटिंगमुळं कमी आणि पुढं काय होणार हे माहीत नसल्यामुळं जास्त. पाण्यावरच्या हत्तींच्या वागण्याला एक क्रम असतो. तो दर वेळी तंतोतंत तसाच होतो असं नाही, पण बराचसा होतो.

माद्या-पिल्लांचा कळप असेल तर पुढं बहुधा थोरली हत्तीण असते. ती कडेला थबकते, सोंड उंच करून वारा घेते. इथं 150-600. तिची खात्री पटली की शेवटचे चाळीस-पन्नास मीटर कळप अक्षरशः धावतो, तहानलेला असेल तर पिल्लांसकट. लगेच दुसरी बॉडी उचला, शटर 1/1000 सेकंद. पोचल्यावर पहिली दोन-तीन मिनिटं सगळे नुसते पितात. मोठा हत्ती सोंडेत एका वेळी 8-10 लिटर पाणी ओढतो आणि दिवसाला 100 ते 200 लिटर पितो. या वेळी हालचाल कमी असते आणि सोंडा एका लयीत वर-खाली होतात. कळपाचे प्रतिबिंबासह फोटो याच वेळी निघतात, 1/250 सुद्धा पुरतं. पाणी हलायच्या आत घ्या, कारण पाच मिनिटांत सगळं गढूळ होतं.

पिल्लांकडं लक्ष ठेवा. पहिले काही महिने पिल्लाला सोंडेनं पाणी ओढता येत नाही. ते गुडघे टेकून थेट तोंडानं पितं, सोंड बाजूला कशीही लोंबत असते. पाण्याच्या पातळीवरच्या फटीतून हे जसं दिसतं तसं जीपवरून कधीच दिसत नाही. मला विचाराल तर जमिनीतल्या हाइडचे पैसे एवढ्यासाठीच वसूल होतात.

पिऊन झालं की चिखल. सोंडेनं किंवा पायानं ढवळून पोटावर, कानामागं फेकतात. 1/1600 च्या खाली जाऊ नका, नाहीतर चिखलाच्या थेंबांच्या रेघा होतात. चिखलानंतर कोरड्या जागी जाऊन धूळ. धुळीच्या वेळी हत्ती तुमच्यापासून थोडा लांब आणि बहुधा पाठमोरा असतो, तेव्हा पुन्हा लांब लेन्स. मग झाडाला नाहीतर वारुळाला अंग घासणं, आणि थोरली हत्तीण वळली की दोन मिनिटांत सगळा कळप नाहीसा.

एकटे नर आले तर चाल वेगळी असते. त्यांच्यात मान असतो. मोठा नर पाणी पीत असेल तर धाकटे बाजूला थांबतात, आणि कधी कधी जवळ येऊन सोंडेचं टोक त्याच्या तोंडाशी नेतात. हे दिसण्याची शक्यता असेल तर पिणाऱ्या मोठ्याला सोडून वाट बघणाऱ्या धाकट्यावर कॅमेरा ठेवा. पहिला हलणारा तोच असतो.

आणखी एक, जे तुम्हाला माहितीपत्रकात सापडणार नाही. पंपानं पाणी सोडलेला पाणवठा असेल तर हत्ती पाइपच्या तोंडाशी गर्दी करतात, कारण त्यांना स्वच्छ ताजं पाणी हवं असतं. अख्खा पाणवठा मोकळा असला तरी भांडणं, ढकलाढकली, पिल्लांची घुसाघुसी तिथंच. आत शिरल्यावर गाइडला विचारा की पाणी कुठल्या बाजूनं येतं, आणि त्या बाजूची खुर्ची धरा.

प्रकाशाचं थोडं उलटं आहे, म्हणून जरा थांबून वाचा. आपल्याकडं डिसेंबरात दुपारचा सूर्य दक्षिणेला झुकलेला असतो, ते आपल्या अंगवळणी पडलंय. तुली साधारण 22 अंश दक्षिणेला आहे. सप्टेंबरात सूर्य विषुववृत्ताच्या आसपास असतो, म्हणजे तिथं दुपारी तो उत्तरेला. पूर्वेला उगवून उत्तरेकडून पश्चिमेला जाईल. म्हणून फट दक्षिणेला उघडत असेल तर दिवसभर उजेड तुमच्या पाठीमागून. पश्चिमेला उघडत असेल तर सकाळी समोरचा हत्ती उजळलेला आणि दुपारी हत्तीच्या पाठीमागून प्रकाश. पूर्वेला उघडत असेल तर सकाळी सूर्य थेट डोळ्यांवर, आणि खरं सांगू का, धूळ असेल तर मला हेच आवडतं. कानांच्या कडा पेटतात, पाठीवरचे केस दिसतात, धुळीला रंग येतो. पण त्यासाठी एक्स्पोजर, म्हणजे कॅमेऱ्यात किती उजेड घ्यायचा ते, हातात घ्यावं लागतं.

एक्स्पोजरमध्येच नवखे सगळ्यात जास्त चुकतात. कोरडा हत्ती तिथल्या मातीच्या रंगाचा दिसतो, ओला जवळजवळ काळा. चौकट ओल्या हत्तीनं भरली की कॅमेरा त्या काळ्याला करडा करायला बघतो आणि फोटो जळतो, म्हणजे नको इतका उजळतो. तोच हत्ती थोडा लांब गेला, मागं पांढरं आभाळ आलं, की कॅमेरा उलट अंधार करतो. जमिनीच्या पातळीवरून बघताना आभाळ फार येतं, त्यामुळं हे दोन्ही एका मिनिटात घडू शकतं. मग कॅमेऱ्याचा अंदाज कमी-जास्त करणारी कॉम्पेन्सेशनची चाकं फिरवत बसण्यापेक्षा मॅन्युअल, म्हणजे आकडे आपणच ठरवणं, चांगलं. सप्टेंबरात तिथं आभाळ बहुतेक निरभ्र असतं, उजेड पटपट बदलत नाही. हत्ती यायच्या आधीच समोरच्या मातीवर उजेड मोजून घ्या, आणि पहिल्या हत्तीवर एकच गोष्ट तपासा: सुळे. चौकटीत सगळ्यात उजळ वस्तू बहुधा सुळाच असतो. त्यावरचा तपशील टिकला तर बाकीचं नंतर रॉ (कॅमेऱ्याच्या कच्च्या) फाइलमधून वर काढता येतं. सुळा पांढराफेक झाला तर तो गेलाच.

सुरुवातीचे आकडे हवेच असतील तर सूर्य वर आल्यावर एफ/8, 1/1000, आयएसओ (सेन्सरची उजेडाची संवेदनशीलता) 400 ते 800. पहाटे उजेड कमी असताना एफ/5.6, 1/320, आयएसओ जाईल तिथपर्यंत जाऊ द्या. थोडा दाणेदार हत्ती चालतो, त्याची कातडीच तशी आहे. हललेला चालत नाही. दुपारच्या सत्रात लांबच्या हत्तींवर 600 नं फार अपेक्षा ठेवू नका. तापलेल्या जमिनीवरच्या हवेनं चित्र थरथरतं, आणि त्यावर कुठल्याच किमतीच्या लेन्सचा इलाज नाही.

चौकटीबद्दल दोनच गोष्टी. पाय कापू नका, आणि कापायचेच असतील तर बिनधास्त गुडघ्याच्या वर कापा. घोट्यात कापलेला हत्ती पांगळा दिसतो. आणि कळपात हत्ती एकमेकांवर आलेले असताना शटर दाबून धरण्यापेक्षा दोन डोकी वेगळी होण्याची वाट बघा. करड्यावर करडा आला की फोटोत फक्त एक ढीग उरतो.

सामानाचं झटपट. ट्रायपॉड नको, फटीच्या कट्ट्यावर बीन बॅग (लेन्स टेकवायची दाण्यांची पिशवी) लागते. जुन्या जीन्सच्या पायाची टेलरकडून शिवून घ्या, रिकामी न्या आणि तिकडं तांदूळ नाहीतर मका भरा. सुट्या बॅटऱ्या केबिनच्या बॅगेतच. महागडी बॉडी-लेन्स नेत असाल तर निघतानाच विमानतळावर कस्टमकडून निर्यात प्रमाणपत्र करून घ्या, म्हणजे परतताना ती तिकडं विकत घेतली नव्हती हे सिद्ध करत बसावं लागत नाही. विमान नैरोबी किंवा आदिस अबाबाहून असेल तर पिवळ्या तापाच्या लसीचं टूरवाल्याला आजच विचारा. ती लस ठरावीक केंद्रांवरच मिळते आणि प्रमाणपत्र दहा दिवसांनी लागू होतं.

आता मावसभावाचं शेत.

वर म्हटलं की हाइडवरच्या हत्तीनं आधीच एक हिशेब केलेला असतो. खानापूरच्या हत्तीनंही केलाय, पण तो नेमका उलटा आहे. दांडेली-हल्याळच्या जंगलातून हे हत्ती खानापूरकडं येतात. 2002 च्या सुमारास त्यांच्यातलेच काही पुढं दोडामार्गात उतरले, मग चंदगड-आजऱ्याकडंही दिसू लागले. भात पिकायला लागलं, उसाला गोडी आली की ते शिवारात येतात, आणि येतील तिथं माणसं त्यांच्यावर फटाके फोडतात, डबे वाजवतात, टेंभे आणि बॅटऱ्या घेऊन मागं लागतात. शेतकऱ्याला दोष देत नाही. वर्षाचं भात एका रात्रीत तुडवलं गेल्यावर तुम्ही-आम्ही वेगळं काय केलं असतं? पण हत्तीच्या बाजूनं बघा. त्याच्यासाठी माणसाचा वास, उजेड, आवाज म्हणजे मारामारी. तुलीचा हत्ती तहान भागवायला आलेला असतो. इथला चोरी करायला आलेला असतो आणि त्याला ते माहीत असतं.

त्यात माळा. राखणीचा माळा म्हणजे चार वासे, वर गवत. रानडुकरासाठी तो ठीक आहे. हत्तीनं त्याला खांदा लावला तर काय होईल, हे मावसभावालाच विचारा, त्यानं ऐकलेलं असेल. आपल्या देशात हत्तींमुळं दर वर्षी पाचशे-सहाशे माणसं जातात, आणि त्यातली पुष्कळशी अशाच ठिकाणी: रात्री, शेतात, वाटेवर. तुमच्या हाइडला भिंत आहे, गाइड आहे, निघायची वेळ ठरलेली आहे. माळ्यावर यातलं काही नाही. हत्ती माळ्याखाली येऊन दोन तास उभा राहिला तर उतरणार कुठं?

फोटोच्या दृष्टीनंही त्यात काही नाही. काळोखात, उसात, उंचावरून. फ्लॅश मारलात तर बिथरलेलं जनावर शेजारच्याच्या घराकडं वळेल. वरून हत्ती हा अनुसूची एकमधला प्राणी, त्याला हुसकावणं 1972 च्या वन्यजीव कायद्यात शिकारीत मोडतं. भीमगड अभयारण्याच्या हद्दीत परवानगीशिवाय शिरलात तर ते प्रकरण आणखी वेगळं. आणि या सगळ्यापेक्षा मला खटकणारी गोष्ट अशी की तुमचा फोटो लोकांना आवडला, तर पुढच्या आठवड्यात त्या शिवारात मोटारसायकलींवरून दहा पोरं मोबाइल घेऊन येतील. निस्तरायचं मावसभावाला. त्याचा रात्री फोन आला, "हत्ती यायलाय, ये बघायला," तर त्यालाच सांगा की घरात थांब आणि वनखात्याला कळव.

सराव करायचा तर दुसरी सोय आहे आणि फुकट आहे. संध्याकाळी पाचच्या सुमाराला गावच्या तळ्यावर जा. म्हशी पाण्यात असतात. हसू नका. काळी, ओली, चमकणारी कातडी, चिखल, पाठीवरचं पाणी, मागून तिरका सूर्य, एकमेकींवर आलेल्या पाठी आणि त्यातून वेगळं काढायचं एक डोकं. हत्तीच्या एक्स्पोजरचा याहून चांगला अभ्यास मला बेळगाव जिल्ह्यात माहीत नाही. मालकाला विचारा, काठावर गवतात पालथं पडा, कॅमेरा पाण्याच्या पातळीला आणा, आणि फक्त 18-55 वापरा. दहा मीटर म्हणजे किती हे पावलांनी मोजून डोळ्यांत बसवा. पहिल्या दिवशी म्हशी राखाडी येतील किंवा शिंगांमागचं आभाळ जळेल. तीन-चार संध्याकाळींत हात बसतो. हत्तीच्या सुळ्याच्या जागी इथं पाण्यावरची चकाकी धरा, तीच जळू द्यायची नाही.

बसण्याचा सराव वेगळा. त्यासाठी गणेशगुडी बरी. सकाळी तीन तास न उठता, न बोलता, मोबाइल बंद ठेवून बसून बघा. पक्षी कुठला आला याला महत्त्व नाही. कंबर कधी दुखायला लागते, पाणी किती प्यायचं, कंटाळा आल्यावर आपण नेमका काय चाळा करतो हे कळतं. मी गटातल्या लोकांना नेण्याआधी हेच करायला लावतो, आणि यातच एखादा सांगतो की मला जीपच बरी. त्यातही काही वाईट नाही.

हत्ती नक्की येतील का, असं तुम्ही विचारलं नाही, पण मनात असेलच. सप्टेंबर म्हणजे तिकडच्या कोरड्या ऋतूचा शेवटाकडचा भाग. रानातली डबकी आटलेली असतात, पाऊस बहुधा नोव्हेंबरकडं. म्हणून पाणवठ्यावर येण्याचं प्रमाण चांगलं असतं. तरी तीन सत्रांत एखादं रिकामं जाऊ शकतं. थंड सकाळी हत्ती उशिरा येतात, तापलेल्या दिवशी दहा-अकरानंतर येऊ लागतात. त्यामुळं नाश्त्यासाठी परतायची घाई करणारा गट मिळाला तर आधीच बोलून घ्या. दोन सकाळींपैकी एक तरी दुपारपर्यंत लांबवता येते का, हे विचारण्यासारखं आहे. तुमचं दुपारचं सत्र मी सोडणार नाही, उजेड कडक असला तरी. काळ्या-पांढऱ्या फोटोंना तो कडक उजेड कातडीवर छान बसतो.

टूरवाल्याला आता तीन गोष्टी विचारा: फट कुठल्या दिशेला उघडते, पाणी पंपाचं आहे का आणि ते कुठल्या बाजूनं येतं, आणि आत एका वेळी किती माणसं बसवतात. सहापेक्षा जास्त म्हणाला तर कोपऱ्याची जागा मागून ठेवा. उत्तरं आली की इथं लिहा, त्यावरून कुठल्या सकाळी कुठली लेन्स हातात धरायची ते सांगतो.